भाडेकरू गेला, हिशेब राहिला: डिपॉझिटमधून काय कापावं, काय सोडावं

भाडेकरू त्रासदायक होता, एवढ्यावरून त्याचं डिपॉझिट अडवता येत नाही. तो रात्री अकराला वॉशिंग मशीन लावत असेल, दोन फोन केल्याशिवाय भाडं टाकत नसेल, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचा उद्धार करत असेल. पण मनस्तापाचं बिल निघत नाही. डिपॉझिटमधून वळतं करता येतं ते थकलेलं भाडं, थकलेली बिलं आणि रोजच्या वापरापलीकडचं नुकसान. बाकीची रक्कम त्याची आहे, ती इतके महिने तुमच्याकडे नुसती ठेवलेली होती.

हे मान्य करणं घरमालकांना जड जातं. म्हणूनच हा लेख घरमालकांसाठी आहे. एक-दोन फ्लॅट भाड्याने देणाऱ्या, घराचा हप्ता किंवा निवृत्तीनंतरचा महिना त्या भाड्यावर निभावणाऱ्या माणसांसाठी. भाडेकरूच्या बाजूने लिहिलेलं पुष्कळ वाचायला मिळतं. मालकाला मात्र ‘वकिलाची नोटीस पाठवा’ यापलीकडे सल्ला मिळत नाही, आणि भांडखोर भाडेकरूच्या बाबतीत तोच सल्ला सर्वांत महाग पडतो.

कायदा कुठवर सोबत करतो

महाराष्ट्रात आज बहुतेक घरं लिव्ह अँड लायसन्सवर जातात. कागदोपत्री समोरचा माणूस परवानाधारक असतो; बोलताना आपण भाडेकरूच म्हणतो, इथेही तेच म्हणू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या ५५व्या कलमाप्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळली तर पाच हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. डिपॉझिटच्या भांडणात त्याहून झोंबणारी गोष्ट वेगळीच आहे. करार नोंदवलेला नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. तुम्ही म्हणाल नोटीस एक महिन्याची ठरली होती, तो म्हणेल आठ दिवसांची. सिद्ध करत बसायचं ते तुम्ही.

नोंदणी महाग असते, हा बहाणा टिकत नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेच्या ०.२५ टक्के. भाडं २२ हजार, डिपॉझिट ७५ हजार, मुदत ११ महिने असेल तर ते सहाशे-सातशे रुपयांत बसतं. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. एजंटचे पैसे वेगळे.

डिपॉझिट जास्तीत जास्त किती घ्यावं, याला १९९९च्या कायद्यात मर्यादा नाही. किती दिवसांत परत करायचं, हेही तुमच्या करारातच पाहावं लागतं. केंद्राच्या २०२१च्या मॉडेल टेनन्सी ॲक्टमध्ये घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे आणि ताबा घेतानाच हिशेब करून उरलेली रक्कम परत करावी असं म्हटलं आहे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. तरी त्याच्या परिशिष्टातली दुरुस्त्यांची वाटणी जवळ ठेवावी अशी आहे, पुढे तिचा उपयोग होईल. (गोव्यातल्या वाचकांनी लक्षात घ्यावं, तिथे भाडेनियंत्रणाचा १९६८चा वेगळा कायदा आहे.)

करार हातात घेतलाच आहे तर आणखी एक ओळ शोधा. बऱ्याच छापील मसुद्यांत असं कलम असतं की, मालकाने वेळेत डिपॉझिट दिलं नाही तर त्यावर व्याज द्यावं लागेल, किंवा रक्कम मिळेपर्यंत भाडेकरू भाडं न देता राहू शकेल. सही करताना कोणी ते वाचलेलं नसतं. भांडखोर भाडेकरूने मात्र वाचलेलं असतं. ७५ हजारांवर १८ टक्के म्हणजे महिन्याला १,१२५ रुपये. आणि तो घरातच बसून राहिला तर महिन्याला २२ हजार.

पैसे आहेत का?

खरं सांगायचं तर निम्म्याहून अधिक भांडणांचं मूळ भिंतीवरच्या डागांत नसतं. मालकाने डिपॉझिट कधीच खर्चून टाकलेलं असतं. कोणाच्या मुलाच्या फीमध्ये गेलं, कोणी कर्जाचा हप्ता भरला. मग ‘नवा भाडेकरू आला की देतो’ ही सबब सुरू होते, ती पुरेशी पडेना की रंग आठवतो, गीझर आठवतो. भाडेकरू आधीच आडमुठा असेल तर त्याला ही चालढकल दोन दिवसांत कळते, आणि तिथून पुढे तुमच्या खऱ्या कपातींवरही तो विश्वास ठेवत नाही.

म्हणून डिपॉझिट आल्या दिवशीच त्याची वेगळी मुदत ठेव करावी, हवी तेव्हा मोडता येईल अशी. व्याज तुमचं. घर रिकामं होण्याची नोटीस आली की मोडायची. मुंबईत हेवी डिपॉझिटवर, म्हणजे भाडं नाममात्र आणि ठेव आठ-दहा लाखांची, घर देणाऱ्यांनी तर याखेरीज दुसरा विचारच करू नये. तिथे रक्कम उभी राहिली नाही तर भाडेकरू हलत नाही, आणि त्याची बाजू चुकीची आहे असंही म्हणता येत नाही.

रोख घेणं-देणं पूर्ण टाळा. २० हजार किंवा त्याहून अधिक रकमेची ठेव रोखीने स्वीकारायला आणि परत करायलाही आयकर कायद्याची मनाई आहे, आणि दंड त्या रकमेएवढाच असू शकतो. भांडकुदळ माणसाला रोख दिल्यावर ‘मिळालेच नाहीत’ हे उत्तर येण्याची शक्यता तर आहेच.

ताब्याचा तास

सगळ्या व्यवहारात हा तास मोलाचा. तो वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवून दिलेल्या चावीवर घालवू नका. सामान ट्रकमध्ये चढल्यानंतर, पण ट्रक निघण्यापूर्वी, रिकाम्या घरात दोघांनी एकत्र फिरायचं. उजेडी वेळ ठरवा. तुमच्यासोबत एक तिऱ्हाईत असू द्या, शक्यतो सोसायटीचा सेक्रेटरी किंवा शेजारी. तावातावाने बोलणारा मेहुणा नको.

सुरुवात दाराबाहेरून. विजेच्या मीटरचा फोटो काढा, आकडा आणि मीटर क्रमांक दोन्ही एकाच चौकटीत आले पाहिजेत, कारण मीटरच्या खोलीत वीस मीटर एकासारखे एक असतात. महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक बिलावर असतो, तो शेजारी लिहून ठेवा. मग गॅसचा मीटर. आत आल्यावर मोबाइलवर एकसलग चित्रण, न थांबता, प्रत्येक खोलीची चारही कोपऱ्यांतून एक फेरी. स्वयंपाकघरात चिमणीची जाळी काढून बघा. ओट्याखालचं कपाट उघडून आतल्या प्लायला बोट लावून बघा, सिंकची गळती तिथेच फुगते. गीझर लावा आणि पाच मिनिटांनी नळ सोडा. फ्लश दोनदा दाबा. जिथे कपाट उभं होतं त्या भिंतीवर टॉर्च तिरपी धरा, खड्डे आणि ओल समोरून पाहिल्यावर दिसत नाहीत. खिडक्यांच्या स्लायडिंग जाळ्या मोजा. शेवटी चाव्या. मुख्य दाराच्या किती दिल्या होत्या, किती आल्या, पत्रपेटीची, गच्चीची, पार्किंगचं रिमोट किंवा स्टिकर.

जे दिसेल ते तिथेच एका कागदावर लिहा, रक्कम मात्र लिहू नका. ‘हॉलच्या पूर्व भिंतीवर खडूच्या रेघा, दोन खिळ्यांची भोकं’ एवढंच. रकमेवरून वाद होतो. भोक आहे की नाही यावरून सहसा होत नाही. दोघांच्या सह्या, तारीख, वेळ. तो सही करायला तयार नसेल तर ‘सही करण्यास नकार’ असा शेरा मारून तिऱ्हाइताची सही घ्या आणि कागदाचा फोटो तिथूनच त्याला पाठवा.

फोटोंबद्दल एक बारकावा. व्हॉट्सॲपवरून गेलेल्या फोटोची मूळ तारखेची माहिती गळून पडते. म्हणून मूळ फाइली ईमेलने पाठवा आणि फोनमधूनही उडवू नका. प्रकरण पुढे कोर्टात गेलंच तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमाखाली अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि मूळ फोन-फाइल असेल तर ते काम सोपं जातं. अर्थात या सगळ्याला अर्थ तेव्हाच, जेव्हा घर देतानाचे फोटोही तुमच्याकडे असतील. ते नसतील तर बहुतेक नुकसानीवर पाणी सोडायची तयारी ठेवा. आधीची स्थिती दाखवता येत नसेल तर नंतरची दाखवून काही मिळत नाही.

रंगाचा प्रश्न

मालकांच्या मनात डिपॉझिट म्हणजे रंगाचे पैसे असं एक समीकरण पक्कं बसलेलं आहे. पुण्यात दोन बेडरूमच्या घराला जुन्यावरच साधे दोन हात द्यायचे म्हटलं तरी ३० ते ४५ हजार सहज लागतात, आणि तो खर्च जाणाऱ्याच्या माथी मारण्याचा मोह अनावर असतो. पण दोन वर्षांत रंग फिका होणं, फोटोच्या चौकटीमागे उजळ चौकोन राहणं, सोफ्याच्या पाठीची रेघ उमटणं हा वापर आहे, नुकसान नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्यातसुद्धा भाडेपट्ट्याने घर घेणाऱ्याची जबाबदारी सांगताना वाजवी झीज वगळलेली आहे. मॉडेल टेनन्सी ॲक्टच्या परिशिष्टात भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, नळाच्या पाइपलाइन बदलणं आणि वायरिंग मालकाकडे दिलंय. नळ आणि नळाचे वॉशर, गीझर आणि स्वयंपाकघरातल्या फिटिंगची दुरुस्ती, स्विच-सॉकेट, कुलपं-कड्या, फुटलेल्या काचा, किड्यांच्या जाळ्या भाडेकरूकडे. इथे बंधनकारक नसली तरी वाद मिटवायला ही वाटणी बरी पडते: ‘हे मी ठरवलेलं नाही, सरकारी नमुन्यात असंच आहे’ म्हणता येतं.

‘घर सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल’ असं कलम करारात असलं तरी निश्चिंत राहू नका. करार कायद्याच्या ७४व्या कलमाप्रमाणे अशी आधी ठरवलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते. वाद झाला तर तिच्या आत वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते. भाडेकरूने ते कलम मुकाट्याने मान्य केलं तर प्रश्नच मिटला. नाही केलं तर पेंटरचं बिल आणि खराब भिंतीचा फोटो हाताशी हवा.

पोरांनी खडूने रंगवलेली भिंत, स्टिकर ओरबाडून काढताना निघालेली पुट्टी, टीव्हीच्या ब्रॅकेटची मोठी भोकं हे मात्र नुकसान. त्यातही पूर्ण घराचं नाही, त्या भिंतीचं. आणि नव्या रंगाचं नाही, उरलेल्या आयुष्याचं. घरातला रंग चार वर्षं टिकतो असं धरा. भाडेकरू २२ महिने राहिला आणि रंग तो येताना नवा होता, तर २६ महिने उरले होते. भिंत १४० चौरस फुटांची, दर १८ रुपये, खर्च २,५२०. त्याच्या ४८ पैकी २६ भाग म्हणजे १,३६५ रुपये. रंग पाच वर्षं जुना असेल तर शून्य. हाच हिशेब गाद्या, पडदे, गीझर यांनाही लावायचा. सात वर्षं चाललेल्या गीझरची कॉइल भाडेकरूच्या मुक्कामात गेली, तर ती तिच्या वयाने गेली.

एक नमुना हिशेब

समजा, पुण्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट. भाडं २२,०००, डिपॉझिट ७५,०००, नोटीस एक महिन्याची. भाडेकरूने १२ तारखेला सांगितलं आणि ३१ तारखेला घर सोडलं. त्या महिन्याचं भाडं भरलेलं आहे.

नोटिशीचे दिवस कमी पडले, ११ तारखेपर्यंतचे. रोजचे ७३३ रुपये धरले तर ११ दिवसांचे आठ हजारांवर जातात. पण नवा भाडेकरू ५ तारखेपासून आलाय, तर तुमचं नुकसान फक्त चार दिवसांचं. एकाच दिवसाचं भाडं दोघांकडून घेता येत नाही. करार कायदाही नुकसान कमी करण्याची संधी होती का, हे बघतो. तर हिशेब असा:

नोटिशीतले चार दिवस: २,९३३
वीज, शेवटच्या बिलानंतरची युनिटं: १,३४०
गॅस, मीटरप्रमाणे: ६१०
चिमणीची सफाई, पावतीप्रमाणे: ९००
हॉलची एक भिंत, वर दाखवल्याप्रमाणे: १,३६५
हरवलेल्या चावीमुळे लॅचचं सिलिंडर: १,१००
एकूण कपात: ८,२४८
परत द्यायचे: ६६,७५२

या यादीत काय नाही तेही बघा. बाथरूमच्या छताची ओल नाही, कारण ती वरच्या मजल्यावरून आलीय. कमोडच्या पिवळ्या पडलेल्या सीटचे पैसे नाहीत. सोसायटीचं नॉन-ऑक्युपन्सी शुल्क नाही. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही आणि करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर ते मालकाने सोसायचं. आणि ‘सोसायटीत माझी शोभा केली’ ही ओळ नाही.

गॅसचं बिल बऱ्याच ठिकाणी दोन महिन्यांनी येतं. तेवढ्यासाठी पूर्ण डिपॉझिट रोखून धरू नका. मीटरचा फोटो आहे, मागच्या बिलातला दर आहे, गणित तिथल्या तिथे होतं. शंभर-दोनशे इकडे तिकडे झाले तर होऊ द्या.

दोन हप्त्यांत पैसे

भांडखोर माणसाशी व्यवहार करताना माझा ठाम सल्ला हा: ज्या रकमेवर वाद नाही ती त्याच दिवशी, विनाअट, बँकेतून पाठवून द्या. वरच्या हिशेबात ६६,७५२. ‘आधी फुल अँड फायनलवर सही, मग पैसे’ हा मालकांचा आवडता डाव आहे, आणि तो उलटतो. दाबून घेतलेल्या सहीवर तो उद्या ‘माझ्यावर जबरदस्ती झाली’ म्हणेल, आणि आज तुम्ही त्याचे स्वतःचे ६६ हजार ओलीस ठेवलेले दिसाल. पैसे पोचले की भांडण ७५ हजारांवरून आठ हजारांवर येतं. आठ हजारांसाठी वकील गाठायला त्याच्याही जिवावर येतं.

पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत. व्यवहाराच्या शेऱ्यात फ्लॅट क्रमांक आणि ‘डिपॉझिट परत’ लिहा. मग संदेश, साधारण असा:

‘नमस्कार. आज आपल्या खात्यात ६६,७५२ रुपये जमा केले. मूळ डिपॉझिट ७५,०००. ८,२४८ रुपयांच्या कपातीचा तपशील, पावत्या आणि फोटो सोबत आहेत. एखादी बाब मान्य नसेल तर कोणती आणि का, ते १५ दिवसांत लिहून कळवावं, मी पुन्हा बघेन. पैसे पोचल्याचं कृपया कळवावं.’

पलीकडून शिव्या आल्या तरी उत्तर याच सुरात द्यायचं, फोनवर नाही, लिहून. त्याने एखाद्या बाबीवर खरंच मुद्द्याचं काही काढलं, म्हणजे चिमणी आधीपासूनच तेलकट होती आणि तुमच्याच जुन्या फोटोत ते दिसतंय, तर ते ९०० लगेच पाठवा. पावती तो देत असेल तर पाच हजारांवरच्या रकमेला एक रुपयाचं महसुली तिकीट लावून घ्या. रक्कम लाखांत असेल आणि वाद बराच रंगला असेल तर तडजोडीचा करार स्टँपवर करावा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात त्यासाठी किमान ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो.

चेक देणार असाल तर खात्यात पैसे असल्याची खात्री करूनच द्या. ‘टाकू नका, मी सांगतो तेव्हा टाका’ असं म्हणून दिलेला चेक तो दुसऱ्या दिवशी टाकणार. वटला नाही तर परक्राम्य संलेख कायद्याचं १३८ कलम तुमच्या दारात येतं: तीस दिवसांत त्याची नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, मग फौजदारी तक्रार. डिपॉझिटचा दिवाणी वाद फौजदारी करून घेण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

अवघड प्रकार

शेवटचे दोन महिने भाडं थांबवून ‘डिपॉझिटमधून घ्या’ म्हणणारे पुष्कळ. करारात याला मनाई असते, तरी व्यवहारात थांबवता येत नाही. ७५ हजारांतून ४४ हजार गेले की हाती ३१ हजार उरतात. लेखी हरकत नोंदवा आणि गप्प बसा. बदल्यात घर सोडण्याची तारीख मात्र लिहून घ्या. ३१ हजारांत वरच्यासारख्या कपाती आरामात बसतात.

मुदत संपून तो जातच नसेल तर तो डिपॉझिटचा प्रश्न राहत नाही. १९९९च्या कायद्याच्या २४व्या कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. पण आधी स्वतःकडे बघावं. तो डिपॉझिट मागत बसलाय आणि तुम्ही दिलेलं नाही, तर दुप्पट दराची भाषा लंगडी पडते. वीज-पाणी तोडणं किंवा कुलूप बदलणं असलं काही करू नका. अत्यावश्यक सेवा तोडायला २९वं कलम मनाई करतं, आणि तुमचा सगळा खरेपणा त्या एका दिवसात वाया जातो.

सामान मागे टाकून जाणाऱ्यांचं सामान भंगारवाल्याला देऊ नका. सेक्रेटरीसमोर यादी करा, फोटो काढा, पंधरा दिवसांची लेखी मुदत द्या. तोवर ते एका खोलीत, नव्या भाडेकरूला अडचण होणार नाही असं.

तीन मित्रांनी मिळून घर घेतलं असेल आणि त्यांच्यात फाटलं असेल, तर ‘मला माझे पंचवीस पाठवा’ म्हणणाऱ्याला नकार द्यावा लागतो. तिघांचं लेखी संमतीपत्र, नाहीतर ज्या खात्यातून रक्कम आली तिथेच परत. करार कंपनीच्या नावाने असेल तर पैसे कंपनीला, राहणाऱ्या कर्मचाऱ्याला नाही, तो कितीही गोड बोलला तरी. एजंटच्या हाती तर कधीच नाही.

मालक परदेशात आणि ताबा घ्यायला पुण्यात सत्तरीतले आईवडील, हे चित्र आता घरोघरी आहे. भांडखोर भाडेकरू नेमका त्यांच्यावर आवाज चढवतो. त्यांच्याकडे मुखत्यारपत्र किंवा किमान अधिकार देणारा ईमेल असावा, रकमेची चर्चा मात्र त्यांनी करूच नये: ‘पैशांचं मुलाशी बोला’ एवढंच. डिपॉझिट एनआरओ खात्यातून परत करता येतं. ते खातं इंटरनेटवर चालतंय ना, हे आधी तपासावं.

वाट पाहण्याची किंमत

प्रकरण नोटिशीवर गेलंच तर वकील साध्या नोटिशीचे दीड-दोन हजारांपासून पाच हजारांपर्यंत घेतात, उत्तराच्या नोटिशीचेही तेवढेच. दिवाणी दाव्यात कोर्ट फी, वकिलांची फी आणि तारखांचे अर्धे-अर्धे दिवस. वसुलीचा दावा करायला तीन वर्षांची मुदत असते, म्हणजे ही टांगती तलवार बराच काळ राहते. भाडेकरूने पोलिसांत जायची धमकी दिली तर घाबरू नका, असे वाद बहुतेक वेळा दिवाणी म्हणून परत पाठवले जातात. पण तुमच्याकडे हिशेबाचा कागद आणि बँकेची नोंद असेल तर ठाण्यात दहा मिनिटं लागतात, नसेल तर संध्याकाळ जाते.

खरा खर्च वेगळाच असतो. वाद मिटेना म्हणून घर ‘पुराव्यासाठी’ तसंच बंद ठेवणारे मालक आहेत. आपल्या उदाहरणात बंद घराचा रोजचा तोटा ७३३ रुपये, शिवाय मेंटेनन्स चालूच. बारा दिवस घर बंद ठेवलं की सगळ्या कपातीची रक्कम त्यात बुडाली. म्हणून फोटो काढा, पेंटरला बोलवा, घर लावा.

मोठ्या रकमेचा वाद असेल तर नोटिशीआधी एक स्वस्त वाट आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज करता येतो, पुण्यात ते शिवाजीनगरच्या न्यायालयाच्या आवारात आहे. कोर्ट फी नाही. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं आणि तिच्यावर अपील होत नाही, त्यामुळे पुन्हा उकरून काढायची सोय राहत नाही. अडचण एकच, समोरच्याने यायला हवं. भांडखोर माणसं येतात, असा अनुभव आहे. त्यांना ऐकवायचं असतं.

राहता राहिला तो भाडेकरू, जो हिशेब मान्य नाही म्हणून पैसेच घेत नाही. खातं बंद झालेलं, रक्कम उलटून आलेली, नवा खाते क्रमांक तो देत नाही आणि मेसेजवर रोज ‘बघून घेतो’ चालू. अशा वेळी त्याच्या नावाचा रेखांकित चेक, हिशेबाच्या प्रतीसह, करारातल्या कायमच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा. टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन केलंय. पाठवल्याची पावती आणि पाकिटाचा दोन्ही बाजूंचा फोटो ठेवा. चेक तीन महिने चालतो. पाकीट ‘घेण्यास नकार’ किंवा ‘पत्त्यावर नाही’ असा शेरा मारून परत आलं तर ते फोडू नका, तसंच करारासोबत फाइलला लावा. रक्कम पुन्हा वेगळ्या मुदत ठेवीत टाका आणि ती कुठे आहे, कशासाठी आहे, हे घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.